‘तुमच्या लोकांत टीबी चालूच राहतो’ म्हणणाऱ्यांना



गेल्या उन्हाळ्यात पंचवटीतल्या एका वस्तीत आम्ही आरोग्य सर्वेक्षणाला गेलो होतो. पत्र्याची खोली, दहा बाय दहाची. एक दार, खिडकी नाही. आत सहा माणसे. मावशींच्या मोठ्या मुलाची टीबीची औषधे चालू होती, धाकट्याचा कोर्स नुकताच संपला होता आणि नवरा चार वर्षांपूर्वी याच आजाराने गेला होता. मावशी धुण्याभांड्याला जातात. त्यांनी आम्हाला चहा पाजला आणि सरळ विचारले, “दादा, तो डॉक्टर म्हनला, तुमच्या लोकांत हे चालूच ऱ्हातं, रक्तातच आहे. तुमच्या लोकांत म्हंजी कोनात?”

डॉक्टर कोण, दवाखाना कोणता, हे इथे महत्त्वाचे नाही. असे बोलणारा तो पहिला नाही आणि शेवटचाही नाही. पण मावशींचा प्रश्न खरा आहे. ‘तुमच्यात’ म्हणजे तुमच्या घरात, की तुमच्या जातीत?

तीच गोष्ट त्याच आठवड्यात आम्ही आपल्या एका अभ्यास शिबिरात सांगितली. एक तरुण कार्यकर्ता उभा राहिला आणि म्हणाला, “सर, उलट आहे. आपण मूलनिवासी. आपल्या डीएनएत हजारो वर्षांची प्रतिकारशक्ती आहे. दुर्बळ रक्त त्यांचे.” टाळ्या पडल्या. आम्ही त्या टाळ्यांत सामील झालो नाही, आणि का झालो नाही हे तिथे वेळेअभावी नीट सांगता आले नाही. म्हणून हा लेख. डॉक्टरशी आमचे भांडण आहेच, पण त्या तरुणाशीही आहे, आणि दुसरे भांडण जास्त जिव्हाळ्याचे आहे.

आधी एक गोष्ट कबूल करून टाकू. टीबीशी लढण्याची ताकद माणसामाणसात वेगळी असते आणि त्या वेगळेपणात जनुकांचा वाटा असतो. हे खरे आहे. आपले काही मित्र ‘जनुक’ हा शब्द ऐकला की लगेच ‘हा मनुवादी कावा’ म्हणतात. तसे नाही. बुद्धाचा वारसा सांगायचा तर जे आहे ते आहे असे आधी पाहावे लागते.

पुरावा घ्या. मार्च १९३० मध्ये इकडे नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, त्याच सुमारास जर्मनीतल्या ल्युबेक शहरात नवजात बाळांना बीसीजी लस तोंडावाटे दिली जात होती. प्रयोगशाळेतल्या चुकीमुळे त्या लसीत टीबीचे जिवंत, मारक जंतू मिसळले गेले. २५१ बाळांना ती लस मिळाली. ७२ बाळे दगावली. पुष्कळ बाळे आजारी पडून बरी झाली. म्हणजे थेट जंतू पाजूनही बहुतेक बाळे जगली. आता लसीच्या प्रत्येक खेपेत जंतूंचे प्रमाण सारखे नव्हते, हेही पुढे अभ्यासकांनी दाखवले, आणि जंतूंचा डोस जास्त तिथे मृत्यू जास्त होते. पण डोसचा हिशेब मांडूनही बाळाबाळात फरक उरतोच.

दुसरा पुरावा जुळ्यांचा. एकाच बीजातून झालेली जुळी भावंडे जनुकांनी जवळपास तंतोतंत सारखी असतात, वेगळ्या बीजांची जुळी साध्या भावंडांइतकी. ब्रिटनमधल्या जुळ्यांच्या नोंदींचा जॉर्ज कॉमस्टॉक यांनी १९७८ मध्ये पुन्हा हिशेब केला. एकाला टीबी झाला तर दुसऱ्यालाही होण्याचे प्रमाण सारख्या जुळ्यांत साधारण तीनात एक, तर वेगळ्या जुळ्यांत सातात एक निघाले. जनुकांचा वाटा इथे उघड दिसतो. पण हाच आकडा उलटून वाचा. तंतोतंत सारखी जनुके, बहुधा एकच घर, एकच बालपण, आणि तरी तीनपैकी दोन जोड्यांत दुसऱ्याला टीबी झाला नाही! ‘रक्तातच आहे’ म्हणणाऱ्या डॉक्टरसाहेबांनी हा अर्धा आकडाही वाचायला हवा होता.

हे घडते कसे, ते थोडक्यात समजून घेऊ. खोकणाऱ्या रुग्णाच्या तोंडून उडालेले सूक्ष्म थेंब आपण श्वासावाटे घेतो. फुफ्फुसातल्या भक्षक पेशी त्या जंतूंना गिळतात. इतर जंतू असते तर तिथेच मेले असते. टीबीचा जंतू मात्र त्या पेशीच्या पोटातच बिऱ्हाड करतो. मग भक्षक पेशी मदतीची हाक देते. त्या हाकेचे एक रसायन म्हणजे इंटरल्युकिन-१२. ती ऐकून टी-पेशी इंटरफेरॉन-गॅमा सोडतात, त्याने भक्षक पेशीला बळ येते आणि ती जंतूंना मारते, किंवा निदान त्यांच्याभोवती पेशींचा कोट उभारून त्यांना कोंडून ठेवते. जगातल्या अंदाजे चौथ्या हिश्श्याच्या माणसांना कधी ना कधी या जंतूची लागण झालेली आहे. त्यांतल्या शंभरातल्या पाच ते दहांनाच आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष आजार होतो. बाकीच्यांचा कोट टिकतो.

या साखळीतली प्रत्येक कडी कुठल्या ना कुठल्या जनुकावरून घडते. काही मोजक्या मुलांमध्ये इंटरफेरॉन-गॅमाची हाक ऐकणारे जनुकच मोडलेले असते. अशा मुलांना साधी बीसीजी लसही आजारी पाडते. हे विकार अत्यंत दुर्मीळ आहेत. त्यांच्याखालोखाल ‘टीवायके-२’ नावाच्या जनुकातला एक बदल सापडला आहे. आई आणि बाप दोघांकडून तो आला तर टीबीचा धोका खूप वाढतो. आणि तो सापडतो कुठे? मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांत. तिथे सुमारे सहाशे माणसांत एकाकडे तो दोन्ही बाजूंनी आलेला असतो. आशियात तो फारच विरळ आहे. आता कोणी म्हणेल का की गोऱ्यांच्या ‘रक्तातच टीबी आहे’?

बाकीची जनुके बारीक बारीक वाट्याची. गांबियातल्या रुग्णांवर १९९८ मध्ये ‘एनरॅम्प-१’ या जनुकाचा अभ्यास झाला. दक्षिण भारतात चेन्नईच्या क्षयरोग संशोधन केंद्राने ‘एचएलए-डीआर२’ या प्रकाराचा टीबीशी संबंध दाखवला. एचएलए म्हणजे जंतूचा तुकडा टी-पेशीला दाखवणारा हात. पण असे अभ्यास एका देशात होतात आणि दुसऱ्या देशात तोच निकाल येत नाही, हे या शास्त्रात नेहमी घडत आले आहे. हजारो रुग्णांचे सगळे जनुकसंच चाळूनही सगळीकडे टिकणाऱ्या खुणा मोजक्याच निघाल्या.

आमच्या मते सगळ्यात बोलका अभ्यास लंडनमधल्या आपल्याच देशबांधवांचा आहे. पश्चिम लंडनमध्ये राहणाऱ्या गुजराती, बहुतांशी शाकाहारी कुटुंबांत टीबी बराच होता. २००० साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांच्यावरचा अभ्यास आला. संशोधकांनी व्हिटॅमिन डी चा संदेश घेणारे जनुक तपासले आणि रक्तातले व्हिटॅमिन डी सुद्धा तपासले. रक्तात व्हिटॅमिन डी कमी असलेल्यांत टीबी कितीतरी जास्त होता. जनुकाचा परिणाम ठळक दिसला तो व्हिटॅमिन डी ची कमतरता असलेल्यांतच. म्हणजे जनुक एकटे फारसे काही करत नव्हते. ऊन आणि आहार हटले की त्याचा दोष उघडा पडत होता. लंडनचे ऊन आणि आपल्या वस्तीतली बिनखिडकीची खोली यांत फरक कितीसा?

मग ‘रक्तातच टीबी’ हे आले कुठून? हा शोध डॉक्टरसाहेबांचा नाही. त्याला जुना इतिहास आहे.

१८९६ मध्ये अमेरिकेत एका विमा कंपनीचा सांख्यिकी अधिकारी फ्रेडरिक हॉफमन याने पुस्तक लिहून मांडले की कृष्णवर्णीयांत क्षय जास्त आहे कारण त्यांचा वंशच दुबळा आहे. याचा व्यावहारिक उपयोग उघड होता, त्यांना विमा नाकारायला कारण मिळाले. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी त्याचा समाचार घेतला. १९०६ मध्ये अटलांटा विद्यापीठाच्या आरोग्य अहवालात त्यांनी दाखवले की घर, मजुरी, अन्न यांचा हिशेब घातला की वंशाचे भूत उतरते. हेच ते ड्यू बॉइस, ज्यांना १९४६ मध्ये बाबासाहेबांनी पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या निवेदनाची प्रत मागितली होती. दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींतही तेच झाले. मजुराला धुळीत राबवायचे, कोंदट बराकीत कोंबायचे, आणि टीबी झाला की ‘आफ्रिकी माणसाला शहरी जीवन अजून मानवत नाही’ म्हणून गावी हाकलायचे. तो गावात जाऊन घरच्यांना टीबी देणार, आणि मग गावातला टीबी पुन्हा वंशाचा पुरावा ठरणार!

जर्मनीत कार्ल डील आणि ओटमार फॉन फेर्शूअर यांनी १९३३ मध्ये जुळ्यांतल्या क्षयावर पुस्तक काढले. क्षय हा मुळात आनुवंशिक दोष, हा त्याचा रोख. या फेर्शूअरचा सहायक म्हणजे योसेफ मेंगेले, ज्याने पुढे आऊश्वित्झच्या छळछावणीत जुळ्या मुलांवर प्रयोग केले आणि रक्ताचे नमुने बर्लिनच्या त्याच संस्थेत आपल्या गुरूकडे पाठवले. वर आम्ही जुळ्यांचा पुरावा दिला. त्या पुराव्याच्या घरात हाही माणूस राहून गेला आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. विज्ञानाचा आकडा खरा असू शकतो आणि तो वापरणारा हात रक्ताने माखलेला असू शकतो.

त्याच बर्लिनच्या संस्थेत १९२७ नंतर एक मराठी बाई शिकत होत्या, इरावती कर्वे. संस्थेचा प्रमुख ऑयगेन फिशर याने त्यांना कवट्या मोजायला दिल्या. युरोपीय माणसाची कवटी वेगळी, श्रेष्ठ, असे काहीतरी निघावे ही त्याची अपेक्षा. कर्व्यांच्या मोजमापांत ते निघाले नाही आणि त्यांनी तसे लिहिले. जातीविषयीच्या त्यांच्या पुढच्या अनेक मांडण्यांशी आमचे मतभेद आहेत. ते इथे काढत नाही. पण १९६८ मध्ये त्यांनी के. सी. मल्होत्रा यांच्यासोबत महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण पोटजातींची शारीरिक मोजमापे प्रसिद्ध केली, तेव्हा ‘ब्राह्मण’ नावाचा एकसंध जैविक गट त्यांना सापडला नाही. पोटजाती एकमेकींपासून वेगळ्या निघाल्या. जातीची उतरंड शरीरात शोधायला गेले की ती अशी हातातून निसटते.

बाबासाहेबांनी हे त्याआधीच सांगितले होते. १९३६ च्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ मध्ये त्यांनी जातीच्या समर्थकांचा ‘रक्तशुद्धी’चा आणि ‘सुप्रजनना’चा युक्तिवाद घेऊन तो फाडला आहे. पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एकाच मुळाचे, तसेच मद्रासकडे ब्राह्मण आणि परिया, हे त्यांनी तिथे मांडले. आणि जातीने जर उत्तम प्रजा निर्माण होत असती तर हा देश खुज्या, अशक्त, सैन्यभरतीत नापास होणाऱ्या माणसांचा का झाला, असा खवचट प्रश्नही विचारला. ‘अस्पृश्य मूळचे कोण?’ या १९४८ च्या ग्रंथात तर त्यांनी नाकाच्या मोजमापांची कोष्टकेच वापरली आणि त्याच कोष्टकांवरून अस्पृश्यतेचा वंशसिद्धान्त खोटा ठरवला. ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ मध्ये आर्य वंशाच्या आक्रमणाचा सिद्धान्त त्यांनी नाकारला. शिबिरातल्या आपल्या तरुणाने ही तीन पुस्तके पुन्हा काढून वाचावीत, एवढीच आमची विनंती.

कारण ‘मूलनिवासी डीएनए’ची जी भाषा आपल्या काही व्यासपीठांवर चालते, तिचा आधार म्हणून २००१ चा एक शोधनिबंध नेहमी सांगितला जातो, मायकेल बामशाद आणि सहकाऱ्यांचा. त्यांनी आंध्रातल्या काही जातींची जनुके तपासली होती. पुरुषांच्या वाय गुणसूत्रात वरच्या जाती युरोपीयांना थोड्या जवळ दिसल्या, तर आईकडून येणाऱ्या जनुकांत चित्र बहुतांशी आशियाई होते. एवढ्यावरून ‘त्यांचे रक्त परके, आमचे शुद्ध’ ही घोषणा निघाली. २००९ मध्ये हैदराबाद आणि हार्वर्डच्या संशोधकांनी मिळून जो मोठा अभ्यास केला त्यात जवळजवळ सगळे भारतीय गट मिश्र निघाले, ब्राह्मण मिश्र, दलित मिश्र, आदिवासीही मिश्र. उत्तरेकडच्या पूर्वजांचा वाटा कोणात ३९ टक्के तर कोणात ७१ टक्के, फरक प्रमाणाचा. आता सांगा, शुद्ध कोण? आणि शुद्ध असण्यात अभिमान कसला? शुद्धतेच्या कल्पनेनेच आपल्याला गावकुसाबाहेर ठेवले होते ना? तीच कल्पना उलटी घालून आपण मिरवायची?

जातीचा आणि जनुकांचा खरा संबंध दुसराच आहे आणि तोही बाबासाहेबांनी पकडला होता, तोही १९१६ मध्ये, कोलंबिया विद्यापीठातल्या निबंधात, वयाच्या पंचविशीत. जातीचे मर्म म्हणजे जातीतच लग्न. तेव्हा डीएनएची रचनाही कोणाला माहीत नव्हती. शंभर वर्षांनी, २०१७ मध्ये, दक्षिण आशियातल्या अडीचशेहून अधिक गटांची जनुके तपासली गेली. त्यांतल्या ८१ गटांत थोड्याच पूर्वजांपासून वाढल्याची आणि बंदिस्त लग्नांची खूण फिनलंडच्या लोकांपेक्षाही ठळक होती. जगातले शास्त्रज्ञ फिनलंडला याबाबतीत नमुना मानतात! त्याचा परिणाम असा की विशिष्ट जातींत विशिष्ट आनुवंशिक विकार साचतात. आंध्र-तेलंगणातल्या वैश्य समाजात भुलीच्या एका औषधाने जीव धोक्यात येण्याचा दोष इतरांपेक्षा जवळपास शंभरपट आढळतो. ही पैसेवाली, व्यापारी जात. म्हणजे बंदिस्त लग्नाचे नुकसान वर-खाली बघत नाही. आंतरजातीय विवाहाला विरोध करणाऱ्यांनी हे जरूर ऐकावे. पण टीबीचा दोष असा एखाद्या जातीत साचलेला कोणी दाखवलेला नाही.

खरा आनुवंशिक आजार कसा दिसतो ते पाहायचे तर सिकलसेल पाहा. विदर्भातल्या आपल्या बौद्ध बांधवांत, नंदुरबारकडच्या भिल्ल-पावरा समाजात तो आहे. तिथे एका जनुकातल्या एका अक्षराचा बदल, तो तपासता येतो, लग्नाआधी सांगता येतो. मलेरियाच्या प्रदेशात त्या बदलाने वाहकांना संरक्षण दिले म्हणून तो टिकला. तिथे आम्ही ‘जनुक’ हा शब्द ठामपणे वापरतो, तपासण्या करा म्हणून भांडतो. टीबीत असे एक अक्षर नाही.

मग मावशींच्या घरात तिघांना टीबी का झाला? एका घरात तिघांना झाला म्हणजे ‘खानदानी’ असे लोकांना वाटते, आणि त्यामुळे मुलींची लग्ने मोडतात हेही आम्ही पाहिले आहे. पण एका घरात जनुके वाटली जातात तशी हवाही वाटली जाते, आणि ताटही. तिन्हीतले काय बदलले की आजार बदलतो, हा प्रश्न विचारायला हवा.

हवा बदलून पाहिली गेली आहे. मुंबईत गोवंडी-मानखुर्द भागात पुनर्वसनाच्या इमारतींचा अभ्यास झाला. जिथे इमारती एकमेकींना इतक्या खेटून बांधल्या की खालच्या मजल्यांवर ऊन-वारा पोहोचत नाही, तिथे टीबीची घरे कितीतरी जास्त सापडली. त्याच भागात, जिथे इमारतींत पुरेसे अंतर होते, तिथे ती फार कमी होती. माणसे तशीच गरीब, तशीच विस्थापित. रक्त बदलले नव्हते, दोन भिंतींतले अंतर बदलले होते. आपल्या नाशकातलेच बघा. देवळालीच्या कोरड्या हवेसाठी मुंबईचे पारशी आणि गुजराती शेटजी येत, त्यांच्या समाजांची आरोग्यभवने तिथे उभी राहिली. ते रक्त बदलायला येत नव्हते, हवा बदलायला येत होते. पैसेवाल्याचा खोकला हवेचा आणि आमचा रक्ताचा, हा न्याय कुठला?

ताट बदलून पाहणारा प्रयोग तर अलीकडचा आणि इतका स्पष्ट आहे की तो प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ असायला हवा. झारखंडमध्ये डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांनी ‘राशन्स’ नावाचा अभ्यास केला. ऑगस्ट २०२३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातली १०,३४५ माणसे. रुग्णांना सगळ्यांनाच पोषण आहार दिला. घरातल्यांचे मात्र दोन गट. एका गटाला माणशी महिन्याला ५ किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या, दुसऱ्या गटाला फक्त जीवनसत्त्वविरहित नेहमीची देखरेख. शिधा मिळालेल्या घरांत नवा टीबी ३९ टक्क्यांनी कमी झाला, आणि फुफ्फुसाचा, इतरांना लागणारा टीबी ४८ टक्क्यांनी. रुग्णांत ज्यांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत ५ टक्के वाढले त्यांच्यात मृत्यूचा धोका साठ टक्क्यांनी कमी दिसला. तांदूळ आणि डाळ! जनुके तीच, झारखंडच्या गरीब, आदिवासी-दलित कुटुंबांची. इंटरफेरॉन बनवायची कृती शरीराजवळ आहे, पण ते प्रथिनाचे बनते, आणि प्रथिन ताटातून यावे लागते.

आदिवासी आरोग्यावर डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ समितीने २०१८ मध्ये अहवाल दिला. आदिवासींत टीबीचे प्रमाण लाखात ७०३, देशात तेव्हा २५६. हा आकडा पाहून कोणी ‘आदिवासी जनुके’ शोधायला निघतो. मध्य प्रदेशात सहारिया समाजात टीबी प्रचंड आहे, तिथे असे जनुकांचे अभ्यास झालेही आहेत. व्हावेत, आमची हरकत नाही. पण सुरगाणा-पेठची जी कुटुंबे दिवाळीनंतर दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर येतात, पालात राहतात, ज्यांची औषधे स्थलांतरात तुटतात आणि ज्यांचे रेशनकार्ड गावीच राहते, त्यांचे रक्त काढण्याआधी त्यांचे वजन करा. खडी क्रशरवरच्या मजुराच्या फुफ्फुसात सिलिकाची धूळ बसलेली असते, त्याने टीबीचा धोका अनेक पटींनी वाढतो. मालेगावच्या यंत्रमागावर बारा तास उभ्या असलेल्या माणसाला कोंदट शेड कोणत्या जनुकाने दिली?

‘दुबळे शरीर’ या कल्पनेला आणखी एक उत्तर मद्रासने दिले आहे. १९५९ मध्ये तिथल्या केंद्राने दाखवले की झोपडीत राहून, हलके अन्न खाऊन घरीच औषधे घेणारे गरीब रुग्ण सॅनेटोरियममध्ये झोपून चांगले खाणाऱ्यांइतकेच बरे होतात. औषध मिळाले तर गरिबाचे शरीरही तेवढेच लढते. कोणी म्हणेल, मग हे तुमच्या आहाराच्या मुद्द्याविरुद्ध गेले. नाही. आजार झाल्यावर औषधाने जंतू मरणे ही एक गोष्ट आणि आजार होऊच नये इतके शरीर सावरलेले असणे ही दुसरी. शिवाय त्या निवडक, देखरेखीखालच्या रुग्णांना औषध दररोज हातात मिळत होते. आपल्याकडे गोळ्यांचा साठा संपला म्हणून माणूस परत पाठवला जातो.

आणि त्याच मद्रासमध्ये जनुकांचा एक खरा उपयोगही सापडला, जो आमच्या मागण्यांत यायला हवा. आयसोनियाझिड हे टीबीचे जुने औषध काहींचे शरीर लवकर मोडते, काहींचे सावकाश. हे ‘नॅट-२’ या जनुकावर ठरते. आठवड्यातून एकदाच औषध देणाऱ्या पद्धतीत लवकर मोडणाऱ्यांना गुण कमी आला. उलट सावकाश मोडणाऱ्यांना यकृताचा त्रास, कावीळ होण्याचा धोका जास्त, आणि भारतात असे लोक भरपूर आहेत. वस्तीत किती जण ‘गोळ्यांनी कावीळ झाली’ म्हणून औषध सोडतात ते आम्ही पाहतो, आणि त्यांना दवाखान्यात ‘तुम्ही दारू पिता’ असे सुनावले जाते. जनुकशास्त्र इथे आणा. डोस ठरवायला आणा, माणूस वाचवायला आणा.

सरकारने २०२५ पर्यंत टीबी संपवण्याची घोषणा केली होती. जगातल्या दर चार रुग्णांमागे एक आजही भारतात आहे. निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून रुग्णाला महिन्याला ५०० रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. चांगले झाले. पण ते रुग्णाला. घरातल्या बाकीच्यांना काय? झारखंडचा पुरावा तर घरातल्यांचाच होता. ‘निक्षय मित्र’ म्हणून दानशूरांनी टोपली द्यायची, फोटो काढायचा, ही सोय झाली. हक्क झाला नाही. आपल्या मंडळांनी जयंतीच्या वर्गणीतून टोपल्या जरूर द्याव्यात, पण निवेदन देताना दान मागू नये. घरातल्या प्रत्येकाला डाळ-तांदळाचा शिधा रेशन दुकानातून, रुग्णाच्या नोंदणीसोबत आपोआप सुरू व्हावा. घरातल्या सगळ्यांची तपासणी आणि प्रतिबंधक गोळ्या, जे नियमात आहेच, ते वस्तीत दिसावे. महापालिकेच्या नव्या पुनर्वसन इमारतींचा नकाशा मंजूर होताना खालच्या मजल्यावर ऊन येते का, हे विचारले जावे. स्थलांतरित मजुराचे औषध तो जाईल त्या तालुक्यात मिळावे. आणि ज्या दवाखान्यात ‘तुमच्या लोकांत’ असे ऐकू येईल तिथे तारीख-वेळ लिहून घ्या आणि लेखी तक्रार करा. आम्ही तुमच्यासोबत येऊ.

मावशींना आम्ही त्या दिवशी एवढेच सांगितले की तुमच्या रक्तात काही नाही, तुमच्या खोलीला खिडकी नाही. त्या हसल्या. पुढच्या आठवड्यात त्या स्वतः, सून आणि दोन्ही नातवंडे यांची तपासणी झाली. चौघांत आजार निघाला नाही. धाकटा नातू वयाच्या मानाने फार हलका भरला. चौघांच्याही प्रतिबंधक गोळ्या सुरू झाल्या आहेत. दर शनिवारी वजन करायला आमच्यातले एकजण जातो. खिडकीचे मालकाशी बोलणे झाले आहे, तो म्हणतो पावसाळा संपू दे, मग बघू.